गाडी बुक करण्याआधीची टेस्ट ड्राइव्ह : कोणती गाडी, कोणता रस्ता, सोबत कोण?

बाळीवेसकर

नमस्कार.

दसरा जवळ आला की कोणती गाडी घ्यावी असे विचारणारे धागे या विभागात एकामागून एक येऊ लागतात. त्यांत मायलेज, एअरबॅग, सूट आणि ऑन-रोड किंमत यांची भरपूर चर्चा होते. परंतु ज्या गाडीत पुढली आठ-दहा वर्षे घरातील सर्वांनी बसायचे आहे, ती विकत घेण्याआधी चालवून कशी पाहावी, याविषयी फारसे कोणी लिहीत नाही. शोरूमच्या दारातून निघायचे, रुंद रस्त्याने पुढच्या चौकापर्यंत जायचे, वळसा घालून परत यायचे आणि चहा घेता घेता बुकिंगच्या कागदावर सही करायची, असाच रिवाज पडून गेला आहे. धाकट्या भावासाठी गाडी पाहताना आम्ही हे काम सवडीने केले. त्यातून जे हाती लागले ते इथे मांडतो.

माझा आग्रह एवढाच आहे की, जे इंजिन आणि जो गिअरबॉक्स आपण घेणार आहोत नेमकी तीच गाडी, आपल्या रोजच्या रस्त्यांवर, घरची माणसे बसवून, आणि बुकिंगची रक्कम देण्याआधी चालवून पाहावी.

यातली पहिली अट पाळणे सर्वांत अवघड जाते. डेमोसाठी ठेवलेली गाडी बहुधा वरच्या व्हेरियंटची असते आणि घेणारा मात्र मधल्या किंवा खालच्या व्हेरियंटवर येऊन थांबतो. वरच्या व्हेरियंटला रुंद टायर असतात, ड्रायव्हरची सीट वर-खाली करता येते, हेडलाइट एलईडीचे असतात, मागच्यांसाठी एसीचे वेगळे झरोके असतात. खालच्या व्हेरियंटमध्ये यांपैकी बऱ्याच गोष्टी नसतात. इंजिनाच्या बाबतीत तर हा फरक आणखी वाढतो. टर्बो पेट्रोल चालवून साधे पेट्रोल घेणारे आणि पेट्रोलवर फेरी मारून सीएनजी बुक करणारे माझ्या ओळखीतच आहेत. त्याच इंजिनाची ताकद सीएनजीवर साधारण दहा ते पंधरा टक्क्यांनी कमी भरते. एकट्याने चालवताना ते कळत नाही. पण गाडीत पाच जण आहेत, एसी चालू आहे आणि पुढे ट्रक आहे, अशा वेळी ओव्हरटेकला लागणारा जोर कुठे गेला, हा प्रश्न पडतो. शिवाय सीएनजीच्या टाकीने डिकीतील किती जागा घेतली आहे आणि स्टेपनी कुठे ठेवली आहे, हेही डिकी उघडून, स्वतःची बॅग आत ठेवूनच पाहावे. टाटाने २०२३ मध्ये अल्ट्रोझपासून एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या डिकीच्या तळाशी बसवायला सुरुवात केली, त्यामुळे सीएनजी म्हणजे डिकी गेली असे आता सरसकट म्हणता येत नाही.

रस्त्याच्या बाबतीत, सेल्समनने सुचवलेला मार्ग नम्रपणे नाकारावा आणि आपला मार्ग आधीच सांगून ठेवावा. आम्ही सोलापुरात संध्याकाळच्या गर्दीत सात रस्त्याहून नवी पेठेत गेलो, तिथून टिळक चौक आणि मधल्या मारुतीवरून बाळीवेशीत आलो. क्लच किती जड आहे, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर गाडी आचके देते का, बोनेटचे टोक बसल्या जागेवरून दिसते का, हे तिथल्या अर्ध्या तासात जेवढे कळते तेवढे मोकळ्या रस्त्यावर दिवसभर फिरूनही कळणार नाही. मग गाडी आमच्या गल्लीत घालून जिथे ती रोज लागणार आहे तिथे लावून पाहिली. भिंतीकडचे दार किती उघडते, आरसे मिटावे लागतात का, मागे घेताना कॅमेऱ्यात गटाराची कड दिसते का, हे सगळे तिथेच स्पष्ट झाले. त्यानंतर पुणे रोडने बाळे, केगावपर्यंत जाऊन ऐंशीच्या वेगात टायरचा आणि वाऱ्याचा आवाज ऐकला. त्या वेळी रेडिओ बंद ठेवायला सांगितले आणि सेल्समनलाही थोडा वेळ शांत बसण्याची विनंती केली. त्या मुलाने ती मनापासून मानली.

आईला सोबत नेण्याचा निर्णय सर्वांत उपयोगी ठरला. तिचे गुडघे दुखतात. भावाला आवडलेल्या उंच गाडीत चढताना तिला एका हाताने लुगड्याच्या निऱ्या सावरून दुसऱ्या हाताने पुढच्या सीटची पाठ धरावी लागत होती, कारण मागच्या दारावर धरायला कडी होती ती तिच्या हातापासून वीतभर दूर होती. दुसऱ्या गाडीत सीटची उंची तिच्या कमरेइतकी होती. ती आधी सीटवर टेकली आणि मग दोन्ही पाय आत घेतले. अक्कलकोट, तुळजापूर आणि पंढरपूर या आमच्या ठरलेल्या वाऱ्या आहेत, त्यामुळे तो एक फरक आम्हाला सनरूफ आणि मोठ्या स्क्रीनपेक्षा मोलाचा वाटला.

आपले अनुभव जरूर लिहावेत.

गॅरेजवाला_१३

उत्तम धागा. माझा व्यवसाय दुरुस्तीचा असल्याने डेमो गाडीबद्दल दोन शब्द लिहितो.

डेमो गाडी रोज निरनिराळ्या हातांतून जाते. कोणी क्लचवर पाय ठेवून चालवतो, कोणी थंड इंजिन जोरात रेस करतो. त्यामुळे तिचा क्लच जड वाटला किंवा ब्रेकचा आवाज आला, तर तो त्या मॉडेलचा दोष आहे की त्या एका गाडीची झीज आहे, हे ठरवण्याआधी मीटरवर किती किलोमीटर झाले आहेत ते पाहावे आणि जमल्यास त्याच मॉडेलची दुसरी गाडी चालवावी.

टायरमधील हवेकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. कंपनीने सांगितलेला दाब ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकरवर छापलेला असतो. हवा त्यापेक्षा जास्त भरलेली असेल तर गाडी खड्ड्यांत कडक आदळते. कमी असेल तर ती मऊ वाटते, पण वळणावर झुकते आणि पेट्रोलही जास्त पिते. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीच्या टायरमधील दाब आपोआप वाढलेला असतो. म्हणून निघण्याआधी हवा तपासून घ्यावी, अन्यथा सस्पेन्शनविषयी बनवलेले मत चुकीचे ठरू शकते.

एसीची परीक्षा दुपारी दोन-तीनच्या सुमारास, गाडी सावलीत नसताना घ्यावी. सिग्नलला गाडी उभी असताना थंडावा टिकतो का ते पाहावे, कारण चालत्या गाडीत बहुतेक एसी चांगलेच वाटतात. छोट्या इंजिनाच्या गाडीत एसी चालू आणि बंद अशा दोन्ही वेळी चढावर पिकअप कसा आहे, तेही पाहावे.

ब्रेक तपासायचा असेल तर मागे-पुढे कोणी नसलेला सरळ रस्ता निवडावा, सोबतच्या सर्वांना आधी सांगावे, पट्टे बांधलेले असावेत आणि चाळीसच्या आसपास वेग असताना एकदा जोरात दाबून पाहावा. पायाखाली थरथर जाणवली तर ती एबीएसची, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची आहे, बिघाड नाही. तसेच ऐंशीच्या पुढे गेल्यावर जो इशारा वाजतो, तोही दोष समजू नये. १ जुलै २०१९ पासून प्रत्येक नव्या कारमध्ये तो बंधनकारक आहे. ऐंशीनंतर तो थांबून थांबून वाजतो आणि एकशे वीसनंतर अखंड.

जुळेसोलापूरची

बाळीवेसकर, आईंबद्दल लिहिलेत ते फार आवडले. मी त्यात गाडी चालवणाऱ्या बाईची बाजू जोडते.

आमच्या घरी रोज गाडी मीच चालवते: मुलांची शाळा, माझे ऑफिस, बाजार. तरीही शोरूममध्ये किल्ली आधी ह्यांच्या हातात दिली गेली आणि इंजिनाविषयीची सगळी माहितीही त्यांनाच सांगितली गेली. मला गाडीचा रंग कोणता हवा, एवढेच विचारले. ह्यांनी ती किल्ली लगेच माझ्याकडे दिली, हे त्यांचे कौतुक. पण प्रत्येक घरात तसे होईलच असे नाही. ताईंनो, चालवणार तुम्ही असाल तर टेस्ट ड्राइव्हची वेळ स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या लायसन्सवर ठरवा.

माझी उंची पाच फुटांच्या आसपास आहे. डेमो गाडीत सीट वर घेता येत होती, तेव्हा सगळे छान दिसले. आम्हाला परवडणाऱ्या व्हेरियंटमध्ये ती सोय नव्हती. मी शोरूममध्ये उभ्या असलेल्या त्या व्हेरियंटच्या गाडीत नुसती जाऊन बसले, तर स्टिअरिंगच्या वरच्या कडेतून रस्ता दिसत होता आणि क्लच पूर्ण दाबण्यासाठी सीट इतकी पुढे घ्यावी लागत होती की छाती स्टिअरिंगला टेकायला आली. एअरबॅग उघडते त्या जागेच्या इतके जवळ बसणे धोक्याचे असते. शेवटी आम्ही रंग आणि ॲक्सेसरीजचा खर्च कमी करून सीट वर होणारा व्हेरियंट घेतला.

लहान मूल असेल तर घरातील चाइल्ड सीट सोबत न्या आणि मागच्या सीटवरील आयसोफिक्सच्या कड्यांना ती अडकते का, ते तिथेच पाहा. सेल्समनला याची माहिती असतेच असे नाही.

शिवार_मोहोळ

टेस्ट ड्राइव्ह सगळे दिवसा घेतात, आमच्यासारख्यांची परीक्षा मात्र रात्री होते.

गाळप सुरू झाले की दिवाळीपासून पुढे फेब्रुवारी-मार्चपर्यंत मोहोळ, मंगळवेढा, पंढरपूरच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉली असतात. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉली असतात, ऊस दोन्ही अंगांनी बाहेर आलेला असतो आणि अनेकदा मागे साधा रिफ्लेक्टरही नसतो. समोरून येणाऱ्याचा अप्पर डोळ्यांवर आला की ती ट्रॉली अगदी जवळ येईपर्यंत दिसतच नाही. अशा वेळी हेडलाइटचा झोत किती लांब आणि किती रुंद पडतो यावर जीव अवलंबून असतो. शोरूमच्या दिव्यांत सगळेच हेडलाइट झगमगतात.

म्हणून माझे सांगणे असे की, शोरूमची शेवटची वेळ मागून घ्यावी, शक्यतो थंडीच्या दिवसांत, जेव्हा सहाच्या सुमारासच अंधार पडतो. शहराबाहेर पथदिवे नाहीत अशा ठिकाणी लोअर आणि अप्पर दोन्ही लावून पाहावे. डाव्या कडेचा मुरूम आणि साइडपट्टी दिसते का, वळणावर प्रकाश कुठे संपतो, हे पाहावे. खालच्या व्हेरियंटला हॅलोजन आणि वरच्याला एलईडी असेल, तर दोन्हींची तुलना करूनच पैसे वाचवायचे की नाही ते ठरवावे. पावसात आणि धुक्यात काही एलईडींचा पांढरा प्रकाश समोरच पसरतो, असा माझा स्वतःचा अनुभव आहे.

नवशिका_सोलापूर

सर्वांचे आभार. माझी अडचण थोडी वेगळी आहे. मला एएमटी, म्हणजे क्लच न दाबता चालणाऱ्या गिअरबॉक्सची छोटी कार घ्यायची आहे. शोरूममध्ये त्या मॉडेलची डेमो गाडी फक्त मॅन्युअलमध्ये आहे. ते म्हणतात, "तुम्ही बुकिंग करा, मग आम्ही पुण्याहून एएमटी मागवून दाखवतो. नाही आवडली तर पैसे परत." हे मान्य करावे का? आणि एएमटीमध्ये नेमके काय पाहावे?

बाळीवेसकर

नवशिका, बुकिंगच्या अटीवर टेस्ट ड्राइव्ह मान्य करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एकदा पैसे गुंतले की पुढची टेस्ट ड्राइव्ह आपण घेतलेल्या निर्णयाला दुजोरा मिळवण्यासाठी घेतो आणि खटकलेल्या गोष्टीही "होईल सवय" म्हणून सोडून देतो. तरीही दुसरा मार्ग नसेल तर "गाडी पसंत न पडल्यास पूर्ण रक्कम परत" हे वाक्य शोरूमच्या शिक्क्यासह पावतीवर लिहून घ्यावे. तोंडी आश्वासन पुढे उपयोगी पडत नाही.

त्याआधी दोन पर्याय करून पाहावेत. एक म्हणजे, त्याच मॉडेलची एएमटी वापरणारे कोणीतरी नात्यात किंवा कार्यालयात असते. त्यांच्या शेजारी बसून गर्दीतून एक फेरी मारली तरी बरेच कळते. दुसरा म्हणजे, पुण्याला कामानिमित्त जाणे झाले तर तिथे स्वतः चालवण्यासाठी भाड्याने मिळणाऱ्या गाड्या आहेत, काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांच्या. हवे ते मॉडेल आणि गिअरबॉक्स एका दिवसासाठी घ्यावे. दिवसाचे भाडे गाडीच्या किमतीपुढे काहीच नाही, आणि शेजारी सेल्समन नसल्याने मन मोकळे राहते.

एएमटीविषयी : मारुतीने २०१४ मध्ये सेलेरिओमधून हा प्रकार सर्वसामान्यांच्या आवाक्यात आणला. यात गिअरबॉक्स मॅन्युअलचाच असतो, फक्त क्लच दाबणे आणि गिअर बदलणे ही दोन कामे माणसाऐवजी यंत्रणा करते. त्यामुळे गिअर बदलताना क्षणभर ओढ तुटते आणि मान किंचित पुढे जाते. काहींना हे जाणवतही नाही, काहींना सहन होत नाही. म्हणूनच स्वतः चालवणे भाग आहे. नवी पेठेसारख्या गर्दीत ब्रेक सोडल्यावर गाडी आपोआप हळूहळू सरकते का आणि ओव्हरटेक करताना ॲक्सिलरेटर दाबल्यापासून गाडी उचल घेईपर्यंत किती वेळ जातो, हे पाहावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आसरा पुलाच्या चढावर मागे कोणी नसताना गाडी थांबवावी आणि ब्रेकवरून पाय काढून ॲक्सिलरेटरवर न्यावा. तेवढ्या वेळात ती मागे किती घसरते, ते पाहावे.

पूर्वी_शोरूममध्ये

मी काही वर्षे एका डीलरकडे विक्री विभागात काम केले आहे, म्हणून दुसरी बाजूही मांडतो. दोनदा, तेही लांबवर टेस्ट ड्राइव्ह मागणारा ग्राहक आम्हाला नकोसा होता, असा समज कोणी करून घेऊ नये. प्रश्न गाडीच्या आणि माणसाच्या उपलब्धतेचा असतो. एकच डेमो गाडी, तिच्यावर रविवारी सकाळपासून रांग, आणि प्रत्येक फेरीला सोबत एक कर्मचारी, अशी स्थिती असते. आपण मंगळवार-बुधवारी सकाळी वेळ मागितली, फोनवरच "मला गर्दीतून, चढावरून आणि हायवेवर अशी तासाभराची फेरी हवी आहे, घरची चार माणसे असतील" असे सांगितले, तर बहुतेक ठिकाणी होकार मिळतो. दसरा आणि पाडव्याच्या आधीच्या आठवड्यात मात्र अपेक्षा ठेवू नये; तेव्हा सगळे हात डिलिव्हरीत अडकलेले असतात.

ड्रायव्हिंग लायसन्सची मूळ प्रत सोबत न्यावी. शिकाऊ लायसन्सवर डेमो गाडी देत नाहीत आणि ते योग्यच आहे, कारण चालवणाऱ्याकडे वैध लायसन्स नसेल तर अपघातात विम्याचा दावा अडचणीत येतो आणि विनालायसन्स चालवल्याचा पाच हजारांचा दंड वेगळाच. निघण्याआधी जो फॉर्म भरून घेतात, तो वाचल्याशिवाय सही करू नये. गाडीला ओरखडा गेला किंवा ठोकर लागली तर खर्चाचा कोणता भाग तुमच्यावर येतो, हे त्यात लिहिलेले असते. लिहिलेले नसेल तर विचारून लिहून घ्यावे.

आणखी एक. डेमो गाडी डीलरच्या नावावर नोंदलेली असते किंवा व्यवसाय प्रमाणपत्रावर, म्हणजे लाल पाटीवर पांढऱ्या अक्षरांत, चालते. विक्रीसाठी आलेल्या नव्या गाडीतून कोणी फेरी मारून आणू म्हणाले तर नकार द्यावा. आज तुम्हाला दिली, तर उद्या तुमची गाडीही दुसऱ्याला दिली जाईल.

निवृत्त_लेखापाल

वरील शेवटच्या मुद्द्याला जोडून लिहितो. टेस्ट ड्राइव्ह कितीही नीट घेतली तरी जी गाडी घरी येणार ती वेगळी असते, तिची स्वतंत्र पाहणी करावी लागते. पूर्ण रक्कम भरण्याआधी आणि नोंदणी होण्याआधी यार्डात जाऊन, दिवसाउजेडी ती गाडी पाहावी. चॅसिस क्रमांक कागदांशी जुळवावा. विक्री प्रमाणपत्रात, म्हणजे फॉर्म २१ मध्ये, उत्पादनाचा महिना आणि वर्ष लिहिलेले असते. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, त्यांतील पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवतात; २३२५ असेल तर २०२५ चा तेविसावा आठवडा. पाचही टायर पाहावेत, स्टेपनीसुद्धा. मीटरवरील किलोमीटर लिहून ठेवावेत. एकदा आपल्या नावावर नोंदणी झाली की गाडी बदलून मागणे फार अवघड होऊन बसते.

डेमो गाडीच सवलतीत विकत मिळत असेल आणि ती डीलरच्या नावावर नोंदलेली असेल, तर कागदोपत्री तुम्ही दुसरे मालक होता. पुढे विकताना त्याचा भाव कमी येतो, हे सवलतीतून वजा करून पाहावे.

नवशिका_सोलापूर

बाळीवेसकर, पूर्वी_शोरूममध्ये, आपण सांगितल्याप्रमाणे बुकिंग न करता फोनवर स्पष्ट बोललो. त्यांनी दुसऱ्या शाखेतून एएमटी मागवली आणि बुधवारी सकाळची वेळ दिली. बाबा पुढे आणि आई-बहीण मागे, असे चौघे होतो. गर्दीत गाडी आवडली. मान हलते, पण दुसऱ्या गिअरवर पाय जरा सैल केला की कमी हलते, असे थोड्या वेळाने लक्षात आले. आसरा पुलाच्या चढावर मात्र ब्रेक सोडल्यावर ती हातभर मागे आली आणि मागे रिक्षा उभी राहिली होती. सेल्समन म्हणाले, वरच्या व्हेरियंटमध्ये हिल होल्ड आहे, यात नाही. किमतीतला फरक माझ्यासाठी मोठा आहे. काय करावे?

गॅरेजवाला_१३

हिल होल्ड ब्रेक सोडल्यानंतर दोन-तीन सेकंद गाडी धरून ठेवते, तेवढ्यात पाय ॲक्सिलरेटरवर जातो. ती नसेल तर चढावर हँडब्रेक ओढून, ॲक्सिलरेटर थोडा दाबून, गाडीने ओढ घेतली की हँडब्रेक सोडायचा. पद्धत जुनीच आहे आणि चांगली आहे. तुमची गाडी घरातील आणखी कोण चालवणार आहे? एकटेच चालवणार असाल तर पुन्हा एकदा वेळ मागा, त्याच चढावर हँडब्रेकने पाच-सहा वेळा गाडी उचलून पाहा आणि हात बसतो का ते बघा. बहीण किंवा बाबाही चालवणार असतील तर त्यांनाही तेच करायला लावा. तुमच्यापैकी कोणा एकाला जरी ते जमले नाही, तर हिल होल्डचे पैसे द्या किंवा मॅन्युअल घ्या.

नवशिका_सोलापूर

बहीणही चालवणार आहे. शनिवारी तिला घेऊन जातो. तिचे लायसन्स पक्के आहे.